एकोणपन्नास पेपरांतली टवळी

श्रीगोंद्यापासून दहा किलोमीटरवर, दोन उसाच्या फडांच्या मधल्या माळावर रंगनाथ आबांनी इंजिनिअरिंग कॉलेज काढलं, त्याला चौदा वर्षं झाली. आबांचं स्वतःचं शिक्षण किती, हे विचारायची तिथं पद्धत नव्हती. कमानीवर मोठ्या सोनेरी अक्षरांत ‘ज्ञान, शिस्त, संस्कृती’ असं लिहिलेलं होतं. पैकी शिस्त म्हणजे हजेरीचं अंगठ्याचं मशीन, आणि ज्ञान तासिका तत्त्वावर नेमलेलं.

त्या ज्ञानाचं नाव जयमाला भिंगारदिवे. विद्यापीठात दुसरी आलेली बाई, आणि सात वर्षं दर जूनला नवं नेमणूकपत्र घेत होती. आठवड्याला नऊ तास शिकवायचं, एवढंच कागदावर. पण कॉम्प्युटर विभागाचा एकुलता एक सर्व्हरही तीच सांभाळायची, कारण विभागप्रमुख रामहरी सरांना तो बंद करण्याची एकच रीत ठाऊक होती, ती म्हणजे पिन उपटणे. सरांची पीएचडी सतरा वर्षं चालू होती. विषय बदलला होता, गाईड वारले होते, पीएचडी चालू होती.

सर्व्हर मात्र झकास होता. चौसष्ट जीबी मेमरीचा, कुठल्याशा योजनेतून मिळालेला. लॅबमधले साठ डबडे कॉम्प्युटर फक्त पडदा आणि कीबोर्ड म्हणून उरले होते. खरं काम सर्व्हरवर. जयमालानं त्या एका मशीनच्या पोटात प्रत्येक मुलाला स्वतंत्र कंटेनर करून दिला होता. पोरांना ती सांगायची, “ही तुमची हॉस्टेलची खोली समजा. आत काय गोंधळ घालायचा तो घाला. शेजारच्या खोलीत डोकावता येणार नाही, आणि अर्ध्या जीबीच्या वर सामान ठेवता येणार नाही.” अंगठ्याच्या मशीनचा हिशेबही त्याच सर्व्हरवर एका खोलीत बसवलेला होता, कारण आबांना वेगळं मशीन घेणं चैन वाटत होतं.

तिसऱ्या वर्षाची प्रात्यक्षिक परीक्षा सोमवारी होती. अठ्ठावन्न मुलं. बाहेरचे परीक्षक प्रशांत सर राहुरीकडच्या एका कॉलेजातून आले होते. तरुण होते, त्यामुळे परीक्षा घ्यायलाच आल्यासारखे वागत होते. रामहरी सरांनी त्यांना दुपारच्या जेवणात शिपी आमटी असल्याचं दोनदा सांगितलं, तरी ते मुलांच्या मागे उभं राहून पडदे बघत होते.

प्रश्न दरवर्षीचाच. दूध संकलन केंद्रावर आलेल्या पावत्यांची फाईल वाचायची, प्रत्येक पावतीसाठी एक तात्पुरता फोल्डर करायचा, आत काम उरकायचं, शेवटी फोल्डर पुसायचा. रामहरी सरांनी हा प्रश्न पाच वर्षांपूर्वी काढला होता आणि तो इतका आवडला होता की नंतर दुसरा काढलाच नव्हता. प्रशांत सरांनी फक्त पावत्यांची फाईल स्वतःची आणली होती.

अकरा वाजता मुलांनी प्रोग्रॅम चालवायला घेतले. अकरा वाजून पाच मिनिटांनी सगळे साठ पडदे एकदम थिजले.

“मॅडम, माझं हँग झालं.”

“माझं पण.”

“मॅडम, सगळ्यांचंच.”

जयमाला सर्व्हरच्या खोलीकडे धावली. पण तिच्या आधी रामहरी सर पोचले होते आणि पिन त्यांच्या हातात होती.

तेवढ्यानं भागलं नाही. अंगठ्याचं मशीनही मेलं, आणि पुन्हा जिवंत झाल्यावर त्यानं त्या दिवशीची सकाळची सगळी हजेरी विसरून प्राचार्यांसकट एकेचाळीस जणांना गैरहजर दाखवलं. परीक्षा मोडल्याचं कुणाला फारसं दुःख झालं नव्हतं; गैरहजेरीनं मात्र सगळा स्टाफ पेटून उठला. गुन्हेगार हवा होता, आणि तो आजच्या आज हवा होता.

रामहरी सरांनी तो दुपारपर्यंत शोधला. मुलांच्या जतन झालेल्या फाईली त्यांनी एकेक करून उघडल्या आणि हादरले. अठ्ठावन्नपैकी एकोणपन्नास फाईलींत पहिल्याच ओळीत तेच नाव होतं: संस्कृती धनवटे, पुणतांबा.

“व्हायरस आहे,” सर प्राचार्यांना म्हणाले. “सगळीकडे संस्कृतीच पसरली आहे.”

प्राचार्यांनी कमानीकडे तोंड असलेल्या खिडकीतून बाहेर पाहिलं आणि म्हणाले, “वाक्य जरा जपून वापरा सर.”

संस्कृती धनवटे ही पुणतांब्याची मुलगी, कॉलेजच्या हॉस्टेलवर राहायची. बारीक, तोंडाची फटकळ, आणि वर्गात एकटी अशी की जिला प्रोग्रॅम लिहायला खरंच आवडायचं. सोमवारी संध्याकाळी पाच वाजता तिच्या हातात पत्र पडलं. ‘आपण महाविद्यालयाच्या सर्व्हरमध्ये विषाणू सोडल्याचे प्रथमदर्शनी दिसून आले आहे. बुधवारी दुपारी दोन वाजता पालकांसह चौकशी समितीपुढे हजर राहावे.’ ते वाचून ती रडली नाही. तिनं पत्राच्या मागच्या बाजूला ‘प्रथमदर्शनी’ हा शब्द दोनदा लिहून पाहिला आणि मग रडली.

मंगळवारी सकाळी नऊ वाजता जयमालाला ती लॅबच्या पायरीवर बसलेली दिसली.

“मॅडम, मी काही सोडलं नाही. माझा सराव करतानाचा प्रोग्रॅम रूममेटनी ग्रुपवर टाकला होता. सगळ्यांनी तोच चिकटवला.”

“नाव तरी काढायचं ना गाढवांनी!”

“ते कोण काढणार? वाचलं असेल तर काढतील.”

जयमालानं तिला आत घेतलं आणि दोघींनी तो प्रोग्रॅम उघडला. चूक सापडायला दहा मिनिटंही लागली नाहीत. रामहरी सरांच्या जुन्या फाईलीत शेवटी ‘समाप्त’ अशी ओळ असायची. संस्कृतीचा प्रोग्रॅम ती ओळ दिसेपर्यंत एकामागून एक फोल्डर करत जायचा. प्रशांत सरांच्या फाईलीत ‘समाप्त’ नव्हतं. म्हणजे फाईल संपली, पावत्या संपल्या, आणि प्रोग्रॅम आपला रिकामे फोल्डर करत बसला. तेही डिस्कवर नाही. वेग यावा म्हणून तिनं मेमरीतच असलेली तात्पुरती जागा निवडली होती. पुसण्याची ओळ तर नव्हतीच. तिच्या जागी इंग्रजी अक्षरांत, पण मराठीत, तिनं स्वतःला बजावलेलं होतं: ‘फोल्डर नंतर पुसायचे. विसरू नको, टवळे.’

“विसरलीस,” जयमाला म्हणाली.

“हो,” संस्कृती म्हणाली, आणि कालपासून पहिल्यांदा तिला हसू आलं.

“याचे पाच मार्क जातील. पण यानं मशीन पडायला नको होतं.”

तीच खरी अडचण होती. प्रत्येक खोलीला अर्ध्या जीबीची मर्यादा होती. एखाद्या पोराचा प्रोग्रॅम पिसाळला तर त्याची स्वतःची खोली कोसळायला हवी, बाकीच्यांना पत्ताही लागायला नको. कंटेनर बांधायचे ते त्यासाठीच. जयमालानं मशीननं मरता मरता लिहून ठेवलेली नोंदवही उघडली. नोंद चमत्कारिक होती. अठ्ठावन्न खोल्यांपैकी एकीतही तीस-चाळीस एमबीच्या वर सामान नव्हतं. आणि तरी चौसष्ट जीबी मेमरी गच्च भरली होती. घरात कुणी घास खाल्ला नव्हता आणि कणगी रिकामी झाली होती.

खाणारा एकच उरत होता: कर्नल. मशीनचा कारभारी. खोल्या कितीही असोत, कारभारी सगळ्यांना मिळून एकच असतो. खोलीतल्या पोरानं नुसता रिकामा फोल्डर मागितला तरी कारभाऱ्याला आपल्या वहीत त्याची नोंद करावी लागते: नाव काय, कधी केला, कुणाचा, कुठं आहे. एका नोंदीला साधारण एक केबी. फोल्डर रिकामा, खोलीत त्याचं वजन शून्य. पण वही फुगते. एकोणपन्नास खोल्यांनी मिळून काही कोटी रिकामे फोल्डर मागितले आणि कारभारी आपल्याच वह्यांखाली गुदमरून मेला.

पण हेही आजकाल होत नाही, हे जयमालाला ठाऊक होतं. नवा कर्नल या वह्यांची जागासुद्धा ज्याच्यासाठी वही भरली त्याच खोलीच्या नावावर धरतो. अर्धा जीबी संपला की त्या खोलीतला प्रोग्रॅम मारतो. मग इथं का नाही धरलं?

तिनं सर्व्हर सुरू होताना कोणत्या सूचना घेतो, ती ओळ पडद्यावर आणली. आणि खुर्चीत मागे रेलली.

ओळीच्या शेवटी एक शब्द होता: नोकेमेम. कारभाऱ्याच्या वह्या मोजू नका.

तो शब्द तिनंच लिहिला होता.

दोन वर्षांपूर्वी लॅबचं उद्घाटन होतं. तेव्हा मशीनवर जुना कर्नल होता, आणि त्या जुन्याला वह्या मोजायची हौस होती पण अक्कल नव्हती. खोली बंद केली तरी तिची मोजदाद तो सोडायचा नाही. पाच-पन्नास खोल्या उघडून मिटल्या की नवी खोली द्यायला ‘जागा नाही’ म्हणायचा. उद्घाटनाच्या सकाळी नेमकं तेच झालं. दारात फीत, फितीपुढे आबा, आबांच्या हातात कात्री, आणि सर्व्हर म्हणतोय जागा नाही. जयमालानं इंटरनेटवर शोधलं, हा एक शब्द सापडला, टाकला, मशीन पुन्हा सुरू केलं. खोल्या उघडल्या. टाळ्या झाल्या. पुढं दिवाळीच्या सुट्टीत तिनं मशीनवर नवा कर्नल चढवला, त्यात तो आजार उरलाच नव्हता. पण सूचनांची जुनी फाईल तशीच राहिली, आणि तो शब्दही. आजार गेला, गोळी चालू.

“काय झालं मॅडम?” संस्कृतीनं विचारलं.

“काही नाही. तू जा, जेवून घे.”

ती गेल्यावर लॅबचे परिचर मच्छिंद्रभाऊ चहा घेऊन आले. पंचावन्नचे मच्छिंद्रभाऊ कॉलेजच्या पायाभरणीपासून होते आणि इथं कोण कुणाला का घाबरतं, याची पक्की माहिती त्यांच्याकडेच होती. जयमालानं त्यांना सगळं सांगितलं, कारण दुसरं सांगायला कुणी नव्हतं.

“म्हंजे तुमी ल्हिलेली येक वळ हाय, आन त्याच्यापायी झालं हे?”

“हो.”

“आन ती वळ वाचता कुनाला येतीय हितं?”

“मला.”

“मंग काडा की. फराफरा पुसा. वर परत चालू करा. कोन बघतंय?”

“आणि ती पोरगी?”

मच्छिंद्रभाऊंनी कप खाली ठेवला. “पोरगी वंगाळ न्हाई. पन मॅडम, जून तोंडावर आलाय. तुमचं पत्र सही व्हायचं हाय. माजं काय, मी सांगून मोकळा.”

जयमालानं ओळ पुसली नाही. धैर्य दाखवलं असंही नाही. तिचा हात दोनदा कीबोर्डवर गेला. दुसऱ्या खेपेला तिनं शब्दाच्या शेवटचं एक अक्षर पुसलंही, आणि परत लिहिलं. मग शिव्या देत ती घरी गेली. शिव्यांत रामहरी सर होते, आबांची कात्री होती, आणि बऱ्याचशा स्वतःला होत्या.

बुधवारी दुपारी संस्कृतीबरोबर तिची आत्या आली. वडील सुनील धनवटे कांद्याच्या गाडीबरोबर परराज्यात गेले होते, म्हणून त्यांच्या थोरल्या बहिणीला, गोजरबाईंना पाठवलं होतं. पुणतांब्याहून दौंडच्या गाडीनं त्या श्रीगोंदा रोड स्टेशनला उतरल्या, तिथून रिक्षा करून आल्या. काष्टा, काखेत पिशवी, डोळ्याला जाड भिंगाचा चष्मा. कमानीखाली थांबून त्यांनी पाटी वाचली आणि भाचीला म्हणाल्या, “तुजं नाव तर त्येंनीच लावलंय की भिताडाला. मंग आता तक्रार कसली?”

समितीत तिघे: आबा, प्राचार्य आणि रामहरी सर. सर्व्हर सांभाळणारी म्हणून जयमालालाही भिंतीकडेच्या खुर्चीत बसवलं होतं. टेबलावर एकोणपन्नास पेपरांच्या छापील प्रतींचा गठ्ठा. रामहरी सरांनी वीस मिनिटं विषाणू या विषयावर भाषण केलं. त्यातली दहा मिनिटं ते खऱ्या तापाबद्दल बोलत होते की कॉम्प्युटरच्या, हे कुणाला कळलं नाही.

“पोरी, कबूल कर,” आबा म्हणाले. “आमच्या पार्थचा पेपर सगळ्यात आदी संपला हुता. त्याचं बी नुस्कान केलं तू.”

पार्थ म्हणजे आबांचा नातू. त्याच वर्गात होता.

संस्कृतीनं तोंड उघडलं, पण गोजरबाईंनी तिच्या गुडघ्यावर हात ठेवला.

“सायेब, बोलू का? मी अठ्ठावीस वर्षं हायस्कूलात शिपाई हुते. धावीच्या सेंटरवर पानी वाटलंय, पेपराचे गठ्ठे शिवलेत. मला येवडंच सांगा, ह्या समद्या पेपरात हिचं नाव पयल्या वळीला हाय?”

“हो. म्हणूनच तर...” रामहरी सर म्हणाले.

“आन ज्याचा पेपर, त्याचं नाव?”

सरांनी दोन-चार प्रती उलटल्या. “ते... खाली आहे.”

“मंग ह्यो रोग न्हाई सायेब. ही कापी हाय.” गोजरबाई इतक्या सहज म्हणाल्या, जणू पिशवीतून भाकरी काढावी. “आमच्याकडं येका साली अकरा पोरांनी उत्तरात ‘वरील आकृती पाहा’ आसं लिवलं हुतं. आकृती येकाच्याबी पेपरात न्हवती. बोर्डानं अकराबी पोरं घरी बसवली. आमी त्यांला विषाणू न्हाई म्हनलो.”

प्राचार्यांना हसू आलं. ते त्यांनी रुमालात घेतलं. मग गठ्ठ्यातला एक पेपर ओढून ते वाचू लागले. “यात मध्ये काहीतरी मराठी आहे. ‘फोल्डर नंतर पुसायचे. विसरू नको, ट...’” ते थांबले.

“वाचा की,” आबा म्हणाले.

“‘टवळे.’”

“कुनाचा पेपर हाय?”

प्राचार्यांनी खालचं नाव पाहिलं आणि पेपर हळूच आबांकडे सरकवला. पार्थचा होता.

आबांनी कागद डोळ्यांजवळ नेऊन नाव वाचलं. मग ते म्हणाले, “सोताला टवळी म्हनतंय व्हय बेनं.”

रामहरी सरांनी सावरायचा प्रयत्न केला. “आबा, कॉपी असेल. मान्य. पण मुलं त्यात बळी आहेत. मशीन पाडणारा प्रोग्रॅम लिहिला कुणी? हिनंच. बाकीच्यांनी फक्त तो... वापरला.”

“बळी हायेत,” आबांनी तो शब्द लगेच उचलला. पार्थसाठी तो फार सोयीचा होता. “बरोबर हाय. मूळ हीच.”

गोजरबाईंना प्रोग्रॅममधलं काही कळत नव्हतं, त्यामुळे त्या पहिल्यांदाच गप्प बसल्या. आणि जयमालाला कळलं की आता आपल्याशिवाय बोलायला इथं कुणी नाही. ती उभी राहिली.

“मशीन हिच्या प्रोग्रॅमनं पडलं नाही. माझ्यामुळे पडलं.”

“मॅडम, बसा,” रामहरी सर म्हणाले.

“बसते. पण आधी सगळ्यांनी लॅबमध्ये चला.”

लॅबमध्ये तिनं आबांना एका कॉम्प्युटरपुढे बसवलं आणि संस्कृतीला शेजारच्या. मधल्या मोठ्या पडद्यावर मशीनची एकूण मेमरी दिसत होती. “आबा, तुमची एक खोली, संस्कृतीची एक. संस्कृती, चालव तुझा प्रोग्रॅम.”

प्रोग्रॅम सुरू झाला. “हा आकडा हिच्या खोलीचा. बत्तीस एमबी. हलत नाही. आता मोठ्या पडद्यावर बघा.” तिथं मोकळी मेमरी भरभर उतरत होती. साठ जीबी. एकोणसाठ. अठ्ठावन्न.

“कुनीकडं चाललीय मंग?” आबांनी विचारलं.

“हॉस्टेलात पोराच्या कपाटाला मर्यादा आहे, समजा. पण त्याच्यापायी रेक्टरला जेवढी रजिस्टरं भरावी लागतात, ती कुणी मोजतच नाही. पोराचं कपाट रिकामं आणि रेक्टरची खोली आढ्यापर्यंत भरलेली. रेक्टर मेला की सगळं हॉस्टेल बंद. हा रेक्टर सगळ्यांना मिळून एकच असतो.” तिनं प्रोग्रॅम थांबवला. “रजिस्टरंही त्या त्या पोराच्या नावावर धरायची सोय मशीनमध्ये आहे. ती बंद होती. मी बंद केली होती. उद्घाटनाच्या दिवशी, तुम्ही कात्री घेऊन उभे होता तेव्हा. नंतर चालू करायची, ते विसरले.”

तिनं तो शब्द सगळ्यांसमोर पुसला आणि मशीन पुन्हा सुरू केलं. ते उठेपर्यंत चार मिनिटं गेली. त्या चार मिनिटांत तिनं रामहरी सरांकडे एकदाही पाहिलं नाही.

“आता आबा, तुमच्या खोलीत काहीतरी लिहा. संस्कृती, परत चालव.”

आबा एका बोटानं आपलं नाव लिहू लागले. आर शोधायलाच बराच वेळ गेला. ते एन पर्यंत आले तेवढ्यात संस्कृतीच्या पडद्यावर एक इंग्रजी शब्द उमटला, ‘किल्ड’, म्हणजे मारला, आणि तिचा प्रोग्रॅम गारद झाला. मोठ्या पडद्यावर फक्त अर्धा जीबी गेला होता. आबांचं नाव तसंच शाबूत होतं. त्यांनी जी शोधून काढला, दाबला आणि मान वर केली.

“माजं कायबी झालं न्हाई.”

“सोमवारी असंच व्हायला हवं होतं. हिची चूक पाच मार्कांची आहे. बाकीची माझी.”

आबांनी चष्मा काढला. “आवं, मंग गप बसायचं हुतं की. आमाला काय कळनार हुतं?”

“ते मला मच्छिंद्रभाऊंनीही सांगितलं.”

दारात चहाचा ट्रे घेऊन उभे असलेले मच्छिंद्रभाऊ तिथूनच मागे फिरले.

“आबा, हे गंभीर आहे,” रामहरी सर म्हणाले. “हा निष्काळजीपणा आहे. मॅडमचं जूनचं पत्र थांबवावं असं माझं मत.”

आबांनी त्यांच्याकडे वळून पाहिलं. “रामहरी, हे मशीन तुला चालवाया यील का?”

“शिकून घेता येईल.”

“किती दिसात?”

सरांनी बोटांवर काहीतरी मोजायला घेतलं. प्राचार्यांना खोकला आला. सतरा वर्षांचा हिशेब सगळ्यांनी मनातल्या मनात केला असावा.

“मंग ऱ्हाऊ दे,” आबा म्हणाले. “पोरगीला सोडा. आन परीक्षा झाली आसं धरून सगळ्यांला पास करा, विषय मिटवा.”

“आसं कसं?” गोजरबाई म्हणाल्या. “माज्या भाचीनं लिवलं, बाकीच्यांनी उतारलं, आन मार्क सगळ्यांला सारकं? परत घ्या परीक्षा. न्हाईतर श्रीगोंद्याहून पुन्याला येष्टी जाती सायेब, आन तितं विद्यापीठ हाय. मला म्हाताऱ्या मान्साला तिकीट अर्धं पडतं.”

परीक्षा परत झाली, पुढच्या गुरुवारी. प्रश्न प्रशांत सरांनी नवा काढला आणि अकरा वाजेपर्यंत कुणालाही सांगितला नाही. रामहरी सरांना तर मुळीच नाही. त्या दिवशी सतरा मुलांच्या खोल्या एकेक करून कोसळल्या. शेजारच्यांनी मानसुद्धा वर केली नाही, आणि अंगठ्याच्या मशीननं सगळ्यांना हजर दाखवलं. संस्कृतीला पन्नासपैकी त्रेचाळीस पडले. सात का गेले म्हणून ती प्रशांत सरांशी अर्धा तास भांडली, त्यात एक वाढवून घेतला. पार्थनं अकरा ओळी लिहिल्या. त्या चालल्या नाहीत, पण त्या त्याच्या होत्या, आणि तो नापास झाला. आबांनी त्याला महिनाभर बुलेट दिली नाही, म्हणून तो कॉलेजच्या बसनं येऊ लागला आणि एक दिवस लॅबमध्ये येऊन जयमालाला म्हणाला, “मॅडम, ते फोल्डर पुसायचं कसं असतं?” तिनं त्याला दाखवलं. तो हुशार नव्हता, पण अगदीच दगडही नव्हता.

जूनमध्ये जयमालाचं पत्र आलं. तास नऊच होते. खाली रामहरी सरांच्या आग्रहानं एक नवी अट घातली होती: ‘सर्व्हरमध्ये कोणतीही ओळ लिहिण्यापूर्वी अथवा काढण्यापूर्वी मा. प्राचार्यांची लेखी पूर्वपरवानगी आवश्यक.’

तिनं दुसऱ्याच दिवशी परवानगीचा अर्ज दिला. नव्या मुलांच्या खोल्यांना मर्यादा घालणारी ओळ खाली जशीच्या तशी उतरवली होती. सव्वीस इंग्रजी अक्षरं, तीन आडव्या रेघा, एक बरोबरचं चिन्ह. प्राचार्यांनी चष्मा लावून ती दोनदा वाचली, पेन काढलं, आणि सही करण्याआधी विचारलं, “यात ‘महोदय’ कुठं येतं?”

“येत नाही सर.”

“बरं,” म्हणत त्यांनी सही केली आणि शिक्का मारायला अर्ज मच्छिंद्रभाऊंकडे दिला.